सात नंबरची जागा

वाल्मीक कॉलेजात जाणार हे ठरलं तेव्हा त्याच्या घरात कॉलेज आतून पाहिलेलं एकही माणूस नव्हतं. त्यामुळे सल्ला द्यायला सगळेच मोकळे होते.

दिंडोरी रस्त्याला म्हसरूळच्या पुढे त्यांची भाजीपाल्याची वस्ती. त्र्याहत्तर सालचा जून. अंगणात बाज टाकून सगळे बसलेले. चुलता कोंडाजी म्हणाला, "पोरींच्या मागच्या बाकावर बसू नको."

शेजारची अंबूबाई म्हणाली, "पुढच्याबी नको. मागून खोड्या करत्यात."

"मंग बसू कुठं?" वाल्मीकनं विचारलं.

यावर बाप बोलला. सहादू कमी बोलायचा, म्हणून तो बोलला की वजनदार वाटायचं. "कुठंबी बस. पण एकदा बसला का जागा सोडायची नाय. शहरात जागा सोडली का दुसरा बसतो. हे ध्यानात ठेव, बाकी कॉलेज म्हंजे काय लय मोठी गोष्ट नाय."

सहादूचं हे ज्ञान शहरातल्या नदीवरच्या, म्हणजे गंगेवरच्या, बुधवारच्या बाजारातलं होतं. तिथं एका दगडी पायरीला लागून त्याची भाजी विकायची जागा. सकाळभर सावली, गिऱ्हाईक समोरून. वाल्मीक रांगत होता त्या साली सहादू एकदा पाणी प्यायला उठला. परत आला तर चिमाजी नावाच्या माणसानं तिथं गोणपाट अंथरून वांगी मांडलेली. भांडण झालं, पण वांगी हलली नाहीत. पुढे चिमाजीनं मुलीचं लग्न नेमकं बुधवारी काढलं आणि तोच त्याचा घात झाला. लग्नाला न जाता सहादू पायरीवर जाऊन बसला. तेव्हापासून बुधवारी तो सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नसे. म्हणजे उठायलाही लागत नसे.

वाल्मीकची आई यशोदाबाईसुद्धा काहीतरी सांगणार होती. ती रोज सकाळी पाटी घेऊन गंगापूर रोडच्या बंगल्याबंगल्यांतून भाजी विकत फिरायची, तेव्हा शहर तिच्या पायाखालचं होतं. पण तिला कोणी विचारलं नाही आणि चुलीवर भाकरी करपत होती.

कॉलेजचं नाव लोककल्याण महाविद्यालय. लोकांचं कल्याण अजून व्हायचं होतं, पण इमारत झाली होती. पहिल्या दिवशी वाल्मीकनं दारातल्या शिपायाला विचारलं, "पहिलं वर्ष, आर्ट्‌स?" शिपाई सावळीराम मुलांकडे न बघता बोट दाखवण्यात तरबेज होता. त्यानं बोट केलं ते सात नंबरच्या खोलीकडे. वाल्मीक आत गेला, खिडकीजवळचा मधला बाक पाहिला, पिशवी ठेवली आणि बसला.

प्रा. गायधनी आले. अर्थशास्त्र सांगून गेले. घंटा झाली. त्याबरोबर वर्गातली सगळी पोरं उठून बाहेर पळाली.

वाल्मीकला त्यांची कीव आली. इतक्या चांगल्या जागा, पंखा डोक्यावर, आणि ही येडी सोडून पळतायत! आणि झालंही तसंच. दोन मिनिटांत दुसरीच पोरं आत आली आणि त्या जागांवर बसली. बा म्हणाला ते अक्षरशः खरं होतं. वाल्मीकनं पिशवी मांडीवर घेतली आणि बाक घट्ट धरला.

त्याच्या शाळेत वर्ग एका जागी बसायचा आणि गुरुजी बदलायचे. इथंही सर बदलतच होते. आता पोरंसुद्धा बदलत होती, त्याला त्यानं मोठ्या गावाची रीत समजून सोडून दिलं. कॉलेजच ते, शाळेपेक्षा काहीतरी जास्त असणारच. वेळापत्रक लावलेलं होतं, नाही असं नाही. फळ्यावर, काचेच्या आत, इंग्रजीत टाइप केलेलं, आणि पुढे ही गर्दी. गर्दीत शिरायचं तर जागा सोडावी लागली असती.

अशा रीतीनं सहादूचा मुलगा सकाळच्या पहिल्या घंटेपासून संध्याकाळच्या शेवटच्या घंटेपर्यंत सात नंबरात बसून उच्च शिक्षण घेऊ लागला. दुपारची भाकरीही तो तिथंच खायचा. सोमवारी पहिला तास अर्थशास्त्राचा, त्याच्याच वर्गाचा. पुढचा मानसशास्त्राचा, दुसऱ्या वर्षाचा. मग कॉमर्सच्या पोरांचं हिशेबशास्त्र. दुपारी तिसऱ्या वर्षाचं तर्कशास्त्र. वाल्मीक सगळं लिहून घेई. त्याला एवढंच वाटे की एका विषयाचा दुसऱ्याशी मेळ लागत नाही. पण तो पुढे लागेल. पहिल्याच वर्षी सगळं कळलं तर बाकीची वर्षं कशाला ठेवली असती?

हजेरीच्या वेळी त्याचा नंबर क्वचितच येई. त्याचा नंबर एकशे बारा. मानसशास्त्राचे सर चाळिसावर थांबत, तर्कशास्त्राचे पाचावर, आणि पाचाला कोणी बोललं नाही तरी खिडकीकडे बघून हजेरी लावत. आपल्या नंबरापर्यंत पोचायला सरांना वेळ नसतो, अशी त्यानं समजूत करून घेतली. पोरांनी त्याला हटकलं नाही. वरच्या वर्गांना तो खालच्या वर्गातला कोणीतरी वाटे, खालच्यांना वरच्यातला. आणि शिक्षकांचं म्हणाल, तर समोर बसलेल्या मुलाला 'तू कोण' असं विचारण्याची पद्धत त्या कॉलेजात नव्हती. ती प्राथमिक शाळेत असते. तिथले मास्तर कमी शिकलेले असतात.

सात नंबरात सगळ्यात खूश होते तर्कशास्त्राचे प्रा. चांदवडकर. त्यांच्या वर्गात मुलं थोडी. पाचाच्या खाली गेली तर विषयच बंद, असा नियम. चौघं कधी येत, कधी नसत. खिडकीजवळचा हा मुलगा मात्र रोज हजर. चांदवडकर पिवळ्या पडलेल्या कागदांवरून वाचत, आणि मान वर केली की तो लिहिताना दिसे. इतर चौघांना ते म्हणत, "याच्याकडे पाहा. याला म्हणतात विद्यार्थी." चौघं पाहत आणि जांभई देत.

गणपतीनंतर विद्यापीठाची समिती कॉलेज तपासायला आली. सकाळी समितीला सात नंबर दाखवला. दुपारी जेवण झाल्यावर पाय जड झाले होते, म्हणून परत तोच जवळचा सात नंबर दाखवला. समितीतल्या एका जाड गृहस्थांनी वाल्मीकला ओळखलं.

"अरे, तू सकाळीही इथेच होतास ना?"

"हो सर. मी जागा सोडत नाय."

"वा!" गृहस्थ प्रिन्सिपॉलांकडे वळले. "असे विद्यार्थी हवेत." प्रिन्सिपॉलांनी त्या दिवशी स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

संध्याकाळी घरी सहादूचा एकच प्रश्न असे. "जागा शाबूत हाय ना?"

"हाय."

"मंग झालं तर."

दिवाळीच्या आधी फळ्यावर यादी लागली. ज्यांची हजेरी कमी, त्यांची टर्म मंजूर नाही. टर्म नाही म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही, फीमाफी जाणार, वर्ष जाणार. यादीभोवती पोरं आपापले नंबर बघून हसत होती. त्यांचे बाप वकील किंवा मामलेदार होते, त्यांना एक वर्ष इकडेतिकडे चालणार होतं. सहादूनं मात्र आधीच सांगून ठेवलं होतं, "एक साल गेलं का मी समजेन शिक्षाण आपलं नाय. मंग मुकाट्यानं बारं द्यायला लागायचं." म्हणजे पिकाला पाणी द्यायला.

यादीत एकशे बारा होता. वाल्मीकला वाटलं, छपाईची चूक. कॉलेजात सगळ्यात जास्त हजर असलेल्या माणसाचं नाव गैरहजर लोकांत कसं येईल? तो थेट प्रा. गायधनींच्या टेबलापाशी गेला.

"सर, माझी हजेरी कमी कशी?"

गायधनींनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही कोण?"

"एकशे बारा, सर."

"मी तुम्हाला सोमवारखेरीज पाहिलेलं नाही."

"पण सर, मी दिवसभर असतो! सकाळपासून संध्याकाळपर्यंत. सात नंबरला."

"सात नंबरला?" गायधनींनी चष्मा काढला. "अहो, आपला वर्ग सातला फक्त सोमवारी पहिल्या तासाला असतो. बाकीचे सगळे तास वर, बारा नंबरला!"

शेजारच्या टेबलांवर हसू फुटलं. कोणीतरी चहा नाकातून सांडला. संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलेजात वाल्मीकचं नाव 'सात नंबर' पडलं.

प्रिन्सिपॉलांनी पालकाला बोलावलं, आणि तेही बुधवारी. सहादू जागा सोडून येणं शक्यच नव्हतं. चिमाजी अजून जिवंत होता. म्हणून यशोदाबाई आली, भाजीची पाटी दारात सावळीरामच्या हवाली करून.

"बसा बाई," प्रिन्सिपॉल म्हणाले.

"उभीच बरी हाय. आमच्या घरात बसायचं काम मालकाकडं असतं."

"तुमचा मुलगा वर्गात येत नाही."

"येत नाय कसा? माझ्याच एस्टीनं येतो. गेटात शिरताना मी बघते की."

"गेटातून आत येतो. वर्गात येत नाही."

"मंग मधी कुठं मुरतो?"

गायधनींनी सगळं सांगितलं. वाल्मीक खाली मान घालून म्हणाला, "बा म्हणला हुता, जागा सोडू नको."

यशोदाबाईनं मुलाकडे पाहिलं. मग पदर तोंडाला लावला. प्रिन्सिपॉलांना वाटलं बाई रडते आहे, म्हणून त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. बाई हसत होती. "जन्मात एकदा पोरानं बापाचं ऐकलं, त्ये बी नेमकं ह्ये!"

"हसण्यासारखं नाही बाई. त्याचं वर्ष जाईल."

बाईचं हसू थांबलं. "वर्ष घालवू नका, साहेब. त्याचा बाप त्याला परत नाय पाठवायचा. पोरगं खोड्या करत नाय, पळून जात नाय. तुमच्याच घरात बसून राह्यलं, त्येचा काय गुन्हा?"

"पण तो सात नंबरला होता याला पुरावा काय?" गायधनी म्हणाले.

साक्षीसाठी प्रा. चांदवडकरांना बोलावलं. ते आत आले आणि मुलाला पाहून त्यांचा चेहरा फुलला. "हा? हा तर माझा विद्यार्थी! एक तास बुडवलेला नाही."

"हा पहिल्या वर्षाचा आहे," प्रिन्सिपॉल म्हणाले.

"शक्य नाही. माझ्या वर्गात बसतात ते सर्व तिसऱ्या वर्षाचे. हा माझ्या वर्गात बसतो. त्याअर्थी हा तिसऱ्या वर्षाचा."

"त्याअर्थी," प्रिन्सिपॉल सावकाश म्हणाले, "तुमच्या वर्गात चारच मुलं आहेत."

चांदवडकर खुर्ची शोधू लागले.

आता प्रिन्सिपॉलांनाही घाम फुटला. त्यांना ते जाड गृहस्थ आठवले आणि 'असे विद्यार्थी हवेत' हे वाक्य आठवलं. ते वाक्य आता अहवालात छापून येणार होतं. आणि तोच विद्यार्थी आपण गैरहजर म्हणून घरी पाठवला तर? आणखी एक, त्याहून वाईट. एक मुलगा अर्धं वर्ष परक्या वर्गांत बसला आणि सहा प्राध्यापकांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही, हे 'गावकरी' पेपरात छापून आलं तर? त्यांनी आवाज मऊ केला.

"काही शिकलास का तरी बाळ?"

"हो सर."

"सांग पाहू."

वाल्मीकनं हाताची घडी घातली आणि एका दमात सांगितलं, "मागणी म्हणजे नुसती इच्छा नव्हे. इच्छेच्या मुळाशी माणसाचे अबोध मन असते. सर्व माणसे मर्त्य आहेत. म्हणून येणे त्याच्या नावे लिहावे आणि किंमत वाढली की मागणी घटते."

पहिल्या आणि शेवटच्या वाक्याला गायधनींची मान हलली. 'मर्त्य' आला तेव्हा चांदवडकरांनी डोळे मिटले. "शब्दन्‌ शब्द बरोबर," ते म्हणाले.

"माझ्याही वहीतला शब्द हललेला नाही," गायधनींना कबूल करावं लागलं.

"म्हंजे काय रं?" यशोदाबाईनं विचारलं.

वाल्मीकनं गायधनींकडे पाहिलं. गायधनींनी चांदवडकरांकडे पाहिलं. चांदवडकरांनी प्रिन्सिपॉलांकडे, आणि प्रिन्सिपॉलांनी वर पंख्याकडे. पंखा फिरत होता.

"मला नाय माहीत, आई," वाल्मीक म्हणाला. त्या खोलीत उत्तर देणारा तो एकटाच निघाला.

टर्म मंजूर झाली. बदल्यात वाल्मीककडून प्रिन्सिपॉलांनी लिहून घेतलं की यापुढे आपण विनाकारण हजर राहणार नाही. लोककल्याण महाविद्यालयात अशी लेखी हमी देणारा तो पहिलाच विद्यार्थी. यशोदाबाईला सांगण्यात आलं की ही गोष्ट बाहेर बोलू नये. ती म्हणाली, "मी कोणाला सांगती? माझं तोंड भाजी विकायलाच पुरत नाय." आणि बाहेर येऊन तिनं पहिल्यांदा सावळीरामला सांगितलं.

पाटी डोक्यावर घेऊन ती लेकाबरोबर गेटापर्यंत आली. मग ती म्हणाली, "जाताना मला इचारलं का कोणी? तुझा बा बसून विकतो. सांजच्याला उरलेली मेथी घरी येती, आन आपण आठवडाभर खातो. मी फिरून विकती. पाटी रिकामी करून येती."

"म्हंजे मी फिरत राहू?"

"मुडद्या, नुसतं फिरलं तर पाय मोडत्यात. घंटा झाली का ऊठ. पोरं जात्यात तिकडं जा. आन जिथं बसावंसं वाटंल तिथं घटकाभर बस. मी नाय का टिळकवाडीत त्या म्हातारीच्या पायरीवर बसत? ती एक जुडी बी घेत नाय. पर पाणी देती आन बोलती."

दुसऱ्या दिवशी वाल्मीक सवयीनं आधी सात नंबरातच जाऊन बसला होता. तास सुरू व्हायची पहिली घंटा झाली. वाल्मीक सात नंबरच्या बाकावरून उठला. पाठ वळवताना त्याला स्पष्ट वाटलं की मागं चिमाजी वांगी मांडतो आहे. त्यानं वळून पाहिलं नाही. पोरांच्या लोंढ्यात शिरून तो जिना चढला आणि बारा नंबरात पोचला. तिथं जागा नव्हती. तिघांच्या बाकावर चौथा म्हणून तो कडेला टेकला, अर्धा बाहेर.

"सात नंबर आला रे!" कोणीतरी ओरडलं.

"सरक की जरा," वाल्मीक म्हणाला. "नाय तर मी बसलो का मंग उठत नसतो, ठाऊक हाय ना?"

पोरं हसली आणि सरकली. गायधनींनी 'एकशे बारा' म्हटल्यावर तो असा 'हजर' म्हणाला की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. मधल्या तासाला सर आलेच नाहीत. पोरं कँटीनला निघाली, तोही निघाला. कॉलेजला कँटीन आहे हे त्याला त्या दिवशी कळलं. तिथं पोरं प्राध्यापकांच्या नकला करत होती. वाल्मीककडे तर सहा जणांचा माल होता. त्यानं चांदवडकरांची नक्कल केली तेव्हा त्याला भजी कोणीतरी दुसऱ्यानं घेऊन दिली.

दुपारी त्याचा तास रिकामा होता. घरी जाता आलं असतं. तो सात नंबरच्या दारात जाऊन उभा राहिला. आत चौघं होते, चार कोपऱ्यांत. खिडकीजवळचा बाक मोकळा होता. चांदवडकर पिवळे कागद सारखे करत बसले होते, कारण दिवाळीनंतर विषय बंद होणार असं त्यांच्या कानावर आलं होतं.

"तुम्ही या वर्गाचे नाही," ते मान वर न करता म्हणाले.

"नाय सर. नाव लावू नका. विचारायचं होतं."

"काय?"

"काल आईनं विचारलं ते. सर्व माणसे मर्त्य आहेत, हे सगळ्यांनाच ठाऊक हाय. मंग ते वहीत कशाला लिहायचं? त्यातून पुढं काय?"

चौघांपैकी एकाची जांभई अर्ध्यावर थांबली.

चांदवडकरांनी हातातले कागद चाळले. पुन्हा चाळले. त्यांत ते नव्हतं. वीस वर्षांपूर्वी लिहिताना कोणी विचारलं नव्हतं. कागदाचा एक कोपरा तुटून टेबलावर पडला. तो त्यांनी बोटानं बाजूला सारला, कागद पालथे ठेवले आणि बऱ्याच वर्षांनी खुर्चीतून उठून फळ्याजवळ आले.

"बसा," ते म्हणाले. "कुठेही बसा."

वाल्मीक पुढच्या बाकावर बसला.

त्या रात्री जेवताना सहादूनं विचारलं, "जागा शाबूत हाय ना?"

"गेली, बा."

सहादूचा घास हातातच राहिला. "गेली? कोण बसलं?"

"कोणीबी बसतं."

"मंग आता?"

"जेवा," यशोदाबाईनं त्याच्या ताटात उरलेल्या मेथीची भाजी वाढली. "जागा गेली. पोरगं हाय."

सहादूनं मेथीची भाजी संपवली. त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं, काहीतरी शिकला. पण पुढच्या बुधवारीही तो पाणी प्यायला उठला नाही.